सोसायटीच्या दरपत्रकात परवानाधारक वायरमनचा तासाचा दर किती धरावा?

कोथरूडची सचिव

आमची सोसायटी पुण्यात कोथरूडला आहे. इमारतीला पंचवीस वर्षे होऊन गेली असून सदनिका चौऱ्यांशी आहेत. बांधकामाच्या वेळचे वायरिंग अनेक घरांत आजही तसेच असल्यामुळे आठवड्यातून दोन-तीन तक्रारी येतात आणि प्रत्येक सभासद आपापला माणूस बोलावतो. त्यातून दरांची इतकी तफावत दिसू लागली की एकाच मजल्यावर पंखा बसवण्याचे एकाने दीडशे दिले, तर शेजाऱ्याने पाचशे. म्हणून घरगुती विजेच्या कामांसाठी एक परवानाधारक वायरमन नेमावा आणि त्याच्या कामाचा तासाचा दर सूचनाफलकावर लावावा, असे व्यवस्थापक समितीने ठरवले.

आमच्याकडे नेहमी येणारे वायरमन तासाला साडेतीनशे रुपये मागतात. समितीतील दोघांचे म्हणणे दोनशेच्या वर जाऊ नये असे आहे. वादाला तोंड फुटले ते गेल्या महिन्यातील एका कामामुळे. एका घरी स्वयंपाकघरातील दिवे मिणमिणत होते आणि मिक्सर लावला की ते आणखी मंद होत. वायरमनने मेन बंद करून डीबीचे (घरातील वीज वाटणाऱ्या पेटीचे) झाकण काढले, तेव्हा न्यूट्रल लिंकमधील, म्हणजे परतीच्या तारा एकत्र जोडणाऱ्या पट्टीमधील, एक स्क्रू सैल झालेला दिसला. त्याखालच्या वायरीचे आवरण तापून तपकिरी आणि कडक झाले होते. त्यांनी तो दोन इंचांचा तुकडा कापून टाकला, तांब्याची तार नव्याने सोलून बसवली, बाकीचे सगळे स्क्रूही आवळले, गीझर आणि मिक्सर एकत्र चालवून पाहिले आणि पंचवीस मिनिटांत काम संपवून साडेतीनशे रुपये घेतले. त्यावर सभासदांनी माझ्याकडे लेखी तक्रार दिली की, ‘स्क्रू आवळण्याचे साडेतीनशे ही लूट आहे.’

मला वायरमनवर अन्याय करायचा नाही आणि सभासदांच्या खिशाला चाटही लावायची नाही. या कामाचा तासाचा रास्त दर कसा काढतात? दर ठरवताना कोणत्या गोष्टी धराव्यात? या व्यवसायातील मंडळींनी मोकळेपणाने सांगितले तर फार मदत होईल.

परवानाधारक, नाशिक

सचिव महोदया, मी आयटीआयचा वीजतंत्री हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला, नंतर उमेदवारी केली आणि वायरमनचा परवाना मिळवून एकोणीस वर्षे घरगुती कामे करतो आहे. आकडे माझे स्वतःचे आहेत. पुण्यात ते थोडे वर-खाली होतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

गिऱ्हाइकाला वाटते की तासाला साडेतीनशे म्हणजे आठ तासांचे अठ्ठावीसशे आणि महिन्याचे सत्तर हजार. हा गुणाकार जिथे चुकतो ती जागा आधी पाहिली पाहिजे. मी सकाळी नऊला घर सोडतो आणि संध्याकाळी सातला परततो. या दहा तासांपैकी ज्यांचे पैसे कोणी देते असे तास सरासरी पाच भरतात. उरलेले एका घरातून दुसऱ्या घरी जाण्यात, गिऱ्हाईक दार उघडण्याची वाट पाहण्यात, अंदाज सांगून हात हलवत परत येण्यात आणि सामान आणण्यात जातात. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. कोथरूडच्या एखाद्या घरात जुन्या मालिकेचा स्विच हवा असला आणि जवळच्या दुकानात तो नसला, तर पासोड्या विठोबाजवळच्या विजेच्या सामानाच्या बाजारापर्यंत जाऊन येण्यात सहज दीड तास मोडतो. स्विचची किंमत असते साठ रुपये, आणि त्या दीड तासाचे पैसे मागायला तोंड होत नाही.

महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पैसे मिळणारे तास सव्वाशे होतात. मला घरी तीस हजार रुपये न्यायचे असतील, तर त्याशिवाय पेट्रोलला साडेतीन हजार लागतात. ड्रिलचे बिट, कटरची पाती, शिडी, क्लॅम्प मीटर आणि मेगर (वायरीचे इन्सुलेशन तपासण्याचे यंत्र) यांची झीज दोन हजारांच्या खाली येत नाही. फोन, अपघात विमा आणि परवान्याचे नूतनीकरण यांचे मिळून हजार धरतो. नोकरदाराला भविष्यनिर्वाह निधी, उपदान आणि पगारी सुट्टी असते, मला यांतले काहीच नाही. म्हणून म्हातारपणासाठी आणि आजारपणातील खाड्यांसाठी साडेतीन हजार बाजूला ठेवतो. ही बेरीज चाळीस हजार होते. तिला सव्वाशेने भागा, तीनशे वीस येतात. साडेतीनशे मागणारा माणूस यात फार तर तीस रुपये सुरक्षिततेचे धरतो, आणि पितृपक्षात नव्या घराची कामे थांबतात तेव्हा ते तीस रुपयेही पुरत नाहीत.

आता आपल्या समितीचे दोनशे पाहा. सव्वाशे तासांचे पंचवीस हजार होतात आणि पेट्रोल, हत्यारे, फोन, विमा यांचे साडेसहा हजार वजा केले की हातात साडेअठरा हजार उरतात. केंद्र सरकारच्या अखत्यारीतील बांधकामांवर कुशल कामगाराचे किमान वेतन ‘अ’ क्षेत्रात 1 ऑक्टोबर 2024 पासून दिवसाला 954 रुपये, म्हणजे सव्वीस दिवसांचे 24,804 रुपये झाले, आणि पुणे ‘अ’ क्षेत्रात येते. तो दर आपल्या सोसायटीला लागू नाही हे खरे. तरीही स्वतःची हत्यारे घेऊन, स्वतःच्या गाडीवर, स्वतःच्या जोखमीवर येणाऱ्या माणसाला त्या किमान आकड्याच्याही खाली ढकलून आपण त्याला रास्त दर कसे म्हणणार?

एक कबुलीही देतो, नाहीतर हा हिशेब अर्धाच राहील. आमच्या धंद्यात मजुरी कमी सांगायची आणि सामानावर भरून काढायचे, ही सवय मुरलेली आहे. दुकानदार वायरीच्या बंडलावर आणि स्विचवर आमचे काही टक्के बाजूला ठेवतो, खोक्यात कंपनीचे कूपन निघते ते वेगळेच. मजुरीत घासाघीस करून जिंकलेले गिऱ्हाईक नव्वद मीटरच्या चार बंडलांत ते पैसे नकळत परत देते आणि वर वायर चांगल्या प्रतीची आहे की नाही हेही त्याला कळत नाही. मजुरी पुरेशी द्या आणि सामान स्वतः आणा किंवा दुकानाचे मूळ बिल मागा, असे मी स्वतःच्या गिऱ्हाइकांना सांगतो. त्यामुळे काही कामे हातची गेली आहेत.

जुना सभासद

मी निवृत्तिवेतनधारक आहे आणि माझ्या सोसायटीत दर ठरवण्याच्या बाजूने मीच बोललो होतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. नाशिकच्या बंधूंचा हिशेब मला पटतो, परंतु तो त्यांच्या गरजेचा हिशेब आहे. मला जे काम मिळते त्याचा तो हिशेब नाही. त्यांचे पाच तास रिकामे जातात याचा भार मी का उचलावा? दुसरे असे की तासाचा दर लावला की काम रेंगाळते. आमच्याकडे एका गृहस्थाने दोन ट्यूबलाइट आणि एक पंखा बसवायला अडीच तास घेतले, त्यांत तीन वेळा फोन आणि एकदा चहा. चहा मीच दिला, त्याबद्दल तक्रार नाही. पण घड्याळ मात्र चालू होते. उक्ते काम असते तर तेच काम पाऊण तासात झाले असते.

शिवाय परवाना आहे म्हणून जास्त पैसे, हे तेव्हाच मान्य करता येईल जेव्हा परवानाधारक स्वतः येईल. प्रत्यक्षात फोन उचलतो एक आणि दारात उभा राहतो एकोणीस वर्षांचा मुलगा, ज्याच्याकडे टेस्टर आणि पक्कड यांपलीकडे काही नसते. अशा वेळी साडेतीनशे कशाचे द्यायचे?

निवृत्त पर्यवेक्षक

मी विद्युत पर्यवेक्षकाचे सक्षमता प्रमाणपत्र घेऊन अनुज्ञप्तीधारक (लायसन्स असलेल्या) ठेकेदारांकडे तीस वर्षे काम केले. वर तिघांनीही ‘परवाना’ हा शब्द सैलपणे वापरला आहे आणि दराचा प्रश्न त्याच्याशी बांधलेला असल्याने तो आधी सोडवतो.

आपल्या राज्यात तीन निरनिराळे कागद आहेत. प्रत्यक्ष हाताने काम करणाऱ्याला वायरमनचा परवाना असतो, देखरेख करणाऱ्याला पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र असते आणि काम अंगावर घेणाऱ्याला विद्युत ठेकेदाराची अनुज्ञप्ती असते. 1956 च्या भारतीय वीज नियमांतील नियम 45 मध्ये ही रचना होती आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2010 मध्ये केलेल्या आणि पुढे त्यांच्या जागी 2023 मध्ये आणलेल्या सुरक्षाविषयक विनियमांत ती चालू राहिली. त्यानुसार वायरिंगमध्ये भर, बदल किंवा दुरुस्ती करायची असेल तर ते काम अनुज्ञप्तीधारक ठेकेदारामार्फत, प्रमाणपत्रधारकाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारकाच्या हातून व्हावे लागते. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण यांची जशीच्या तशी बदली मात्र यातून वगळलेली आहे, अट एवढीच की मूळ जोडणीची क्षमता आणि स्वरूप बदलता कामा नये.

या वगळण्यातच आपल्या दरपत्रकाची किल्ली आहे असे मला वाटते. जुना पंखा काढून तिथेच नवा लावणे हे एक काम झाले. पूर्वी बल्ब होता त्या जोडणीवरून एसीचा सॉकेट काढणे हे अगदी वेगळे काम झाले. दुसऱ्यात वायरीचा आकार पाहावा लागतो, कारण दिव्यांच्या दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर एसी चालवला तर तार भिंतीत तापत राहते आणि एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) मोठा बसवून ठेवलेला असेल तर तो पडतही नाही. माझ्या नोकरीत मी पाहिलेल्या जळालेल्या जोडण्यांपैकी बहुतेकांची गोष्ट एवढीच होती. सचिवांनी सांगितलेला न्यूट्रलचा सैल स्क्रूही किरकोळ समजू नये. तीन फेजचे कनेक्शन असलेल्या घरात मुख्य न्यूट्रल सुटला तर कमी भार असलेल्या फेजवर दाब वाढत जातो आणि 230 व्होल्टची उपकरणे त्याहून कितीतरी जास्त दाबाखाली येऊन जळतात. एक फेजच्या घरातही सैल जोड तापतोच, त्या वायरीचे तपकिरी झालेले आवरण हेच सांगत होते. वायरमनने बाकीचे स्क्रूही आवळले आणि भार टाकून पाहिले, हे मला त्या पंचवीस मिनिटांतले सर्वांत मोलाचे काम वाटते.

जुन्या सभासदांचा रेंगाळण्याचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि त्यावर उपाय व्यवसायात आधीपासून आहे. नवे वायरिंग नेहमी पॉइंटच्या दराने द्यावे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेच्या दरसूचीतही पॉइंट वायरिंगची बाब असते. पॉइंट म्हणजे काय हे मात्र लिहून घ्यावे. स्विचपासून दिव्याच्या होल्डरपर्यंत एक पॉइंट, सोळा अँपिअरचा सॉकेट वेगळा, जिन्यातील दोन ठिकाणांहून चालणारा दिवा वेगळा, आणि भिंतीला झिरी पाडून ती पुन्हा बुजवण्याचे काम दरात धरले आहे की नाही हेही स्पष्ट असावे, कारण भांडणे बहुधा गिलाव्यावरूनच होतात. तासाचा दर ठेवावा तो दोष शोधण्याच्या कामाला. कोणता जोड तुटला आहे हे आधी कळत नसताना उक्ता आकडा मागितला, तर वायरमन एकतर भरमसाट सांगतो किंवा दोष शोधण्याऐवजी एमसीबी बदलून मोकळा होतो.

रिकाम्या तासांचा भार गिऱ्हाइकाने का उचलावा, हा प्रश्न तत्त्वतः बरोबर आहे, आणि सोसायटीला तो भार कमीही करता येतो. चौऱ्यांशी घरांची किरकोळ कामे आठवड्याच्या दोन ठरावीक दिवशी एकत्र लावली, तर वायरमनचे पाच तास सात होतात आणि तीनशे वीसचा दर सव्वादोनशे-अडीचशेवर येऊनही त्याच्या घरी तेवढेच पैसे जातात. ‘आत्ता या’ असे म्हणणाऱ्याने पूर्ण दर द्यावा. रात्रीच्या कामाबद्दल बोलायचे तर, कामगार कायद्यात जादा तासांना दुप्पट वेतनाचे तत्त्व आहे, तेच इथे लावावे.

काम झाल्यावर एक चाचणी जरूर मागावी. नव्या किंवा बदललेल्या वायरिंगवर 500 व्होल्टच्या मेगरने एक मिनिट तपासून इन्सुलेशन रोध किमान एक मेगओम आहे हे पाहतात. ज्याच्या पेटीत मेगर नाही आणि जो आरसीसीबीचे (वीज गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे) चाचणीचे बटण दाबून दाखवत नाही, त्याला परवानाधारकाचा दर देण्याचे कारण मला दिसत नाही.

हेल्पर ते वायरमन

मी तोच दारात उभा राहणारा मुलगा होतो, म्हणून लिहितो. तारतंत्रीचा, म्हणजे आयटीआयचा वायरमनचा, अभ्यासक्रम संपल्यावर मी चिंचवडला एका ठेकेदाराकडे लागलो. ते गिऱ्हाइकाकडून तासाला तीनशे घेत आणि मला दिवसाची हजेरी सहाशे रुपये देत, म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने पंचाहत्तर रुपये तास. दुपारी एकला काम संपले तर अर्धी हजेरी लागे, मग उरलेल्या दिवसात मी दुसरीकडे जाऊ शकत असो वा नसो. छिन्नीने झिरी मी पाडायचो, माळ्यावर मी चढायचो आणि बिलावर परवान्याचा क्रमांक ठेकेदाराच्या ओळखीतील दुसऱ्याच माणसाचा असे.

त्यामुळे आपण जो आकडा ठरवाल तो दर आहे, मजुरी नव्हे, एवढे लक्षात असू द्या. ठेकेदाराचा वाटा असू नये असे मी म्हणत नाही, कारण अनुज्ञप्ती, जबाबदारी आणि उधारी तो सांभाळतो. परंतु येणाऱ्या माणसाला काय मिळते हे सोसायटीने विचारले, तर त्यात काही गैर नाही. वर दिलेल्या 954 रुपयांना आठने भागले की एकशे एकोणीस येतात. मला त्या वेळी तेवढे मिळाले असते तर मी दोन वर्षे आधी स्वतःचा मेगर घेतला असता.

आणखी एक छोटी गोष्ट. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात आमच्यासारख्यांची नोंदणी होते, पण वर्षात 90 दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. ठेकेदार ते देताना टाळाटाळ करतो. आपल्या दरपत्रकात प्रमाणपत्राची अट घातली तर पैशांइतकाच तिचा उपयोग होईल.

कोथरूडची सचिव

सर्वांचे मनापासून आभार. हे सर्व प्रतिसाद छापून मी समितीपुढे ठेवले आणि दोन बैठकांनंतर जे ठरले ते इथे नोंदवते.

दोष शोधणे आणि दुरुस्ती यांसाठी पहिल्या तासाला साडेतीनशे आणि त्यापुढच्या प्रत्येक अर्ध्या तासाला दीडशे रुपये. मंगळवारी आणि शनिवारी एकत्र लावलेल्या कामांना तासाला अडीचशे. रात्री दहानंतर दुप्पट. खरोखर दोन माणसे लागत असतील तरच हेल्परचे तासाला एकशे वीस, आणि तेही सभासदाला आधी विचारून. पंखा, ट्यूबलाइट, स्विच यांच्या साध्या बदलीला मंगळवार-शनिवारी नगावर दर ठेवला आहे, कारण एकट्या राहणाऱ्या आमच्या काही आजी-आजोबांना घड्याळाकडे पाहत बसणे नको होते. नवे वायरिंग पॉइंटच्या दराने द्यायचे आणि पॉइंटची व्याख्या दरपत्रकाच्या मागच्या बाजूस छापायची. सामान सभासदाने आणावे किंवा दुकानाच्या मूळ बिलाप्रमाणे पैसे द्यावेत.

आमच्या वायरमनकडे वायरमनचा परवाना आहे, ठेकेदाराची अनुज्ञप्ती नाही, ही बाब आम्हाला पर्यवेक्षकांमुळेच कळली. ते ज्या अनुज्ञप्तीधारक ठेकेदाराबरोबर काम करतात त्यांच्या नावाने बिल येईल आणि त्यावर प्रत्यक्ष काम करणाऱ्याचा परवाना क्रमांक असेल. परवान्याची प्रत कार्यालयात ठेवली असून नूतनीकरणाची तारीख मी वहीत टिपली आहे. एका सभासदाने दराला लेखी विरोध नोंदवला, तो इतिवृत्तात घेतला आहे.

काम करणाऱ्याला प्रत्यक्षात किती मिळते, हे बिलावर लिहून द्यायला ठेकेदारांनी नकार दिला. ‘तो आमचा आतला व्यवहार आहे’ असे ते म्हणाले आणि समितीने तो विषय तिथेच सोडला, ते मला पटलेले नाही. 90 दिवसांचे प्रमाणपत्र देण्याचे मात्र त्यांनी मान्य केले आहे. ही अट करारात कोणत्या शब्दांत घालावी, याचा नमुना कोणाकडे असल्यास कृपया इथे द्यावा. करारावर सह्या पुढच्या शनिवारी व्हायच्या आहेत.